लाल चिठ्ठीखालचा प्रकाशमापक

मी एक जुना प्रकाशमापक आहे, मित्रांनो. नाव भारदस्त असलं तरी अंगाने मी साबणाच्या वडीएवढा. पुढे एक गोल डोळा, पाठीवर आकड्यांची पट्टी आणि तिच्यावर फिरणारा एक काटा. मला बॅटरी लागत नाही. डोळ्यावर उजेड पडला की काटा आपोआप उठतो आणि अंधार झाला की शून्यावर बसतो. सध्या तो शून्यावरच आहे. कपाटाच्या तळच्या खणात, एका पेटीत मला कोंडून ठेवलं आहे. झाकणावर लाल चिठ्ठी आहे: 'सदोष. वापरू नये.' ती वाचली की लोक मागच्या मागे खण बंद करतात. म्हणून म्हटलं, निदान तुम्हाला तरी खरं काय ते सांगावं.

मला एका कारागीर बाईंनी घडवलं. केसासारखी बारीक स्प्रिंग त्यांनी श्वास रोखून बसवली. मग तीन दिवस माझी परीक्षा झाली आणि मी एका रेघेनेही चुकलो नाही. "हा खोटं सांगायचा नाही," बाई म्हणाल्या. माझी छाती काय फुगली होती तेव्हा!

तिथून मी सायकलचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात आलो. तपासणीची खोली लांब, अरुंद, बिनखिडकीची. भिंती काळ्या, छत काळं, फरशीही काळी. एका टोकाला दिवा लावायचे, दहा मीटरवर दुसऱ्या टोकाला मी. सुरुवातीला माझी घोडी, म्हणजे मला बसवलेला स्टँड, वरखाली सरकत असे. पण एकदा दोघा कामगारांनी मला वेगवेगळ्या उंचीवर धरलं, एकाच दिव्याचे दोन आकडे आले आणि दोघांची चांगलीच जुंपली. मग आमचे विभागप्रमुख तावातावाने आले. सगळे त्यांना पाठीमागे 'आकडेसाहेब' म्हणत. त्यांनी मला झोताच्या बरोब्बर मधोमध आणलं, स्क्रू करकचून आवळला आणि त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. "आता हलवाल तर याद राखा! एक दिवा, एक आकडा. विषय संपला."

विषय संपला आणि माझी मानही अडकली. अकरा वर्षं मी त्या एकाच जागी बघत होतो. कौतुक मात्र भरपूर झालं. पाहुणे आले की आकडेसाहेब माझ्या पाठीवर बोट आपटून म्हणत, "हा सांगेल ती पूर्व दिशा!" मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

तपासणीला एक ताई होती. रोज सकाळी ती मऊ फडक्याने माझा डोळा पुसायची आणि पुसता पुसता घरचं सगळं सांगायची. तिचे बाबा बेकरीत पाव भाजायचे. भट्टी पेटवायला ते पहाटेच सायकलवर निघत. रस्त्यात दिवे नाहीत, म्हणून तिचा जीव सतत टांगणीला लागलेला असायचा.

एके दिवशी नवा दिवा आला. तो लावताच माझा काटा उसळला आणि पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र डोळ्याच्या खालच्या कडेला उजेडच जाणवत नव्हता. सगळा झोत मधल्या एका ठिपक्यात कोंबलेला होता. पण सांगणार कसं? मला तोंड नाही, काटा आहे, आणि तो विचारलेल्या जागेचंच उत्तर देतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच!

ताईने त्यातला एक दिवा हौसेने बाबांच्या सायकलला लावला. दोन दिवसांनी माझा डोळा पुसताना ती हसत म्हणाली, "बाबांचं काहीतरीच असतं. म्हणतात, लांबची पाटी वाचता येते, पण चाकापुढचं दिसत नाही. मी म्हटलं, चष्मा बदला. काटा टोकाला टेकलाय, टोकाला!"

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशी आली, ती डोळे सुजवूनच. चाकाच्या दोन हात पुढे खड्डा होता. बाबा पडले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. बाहेर त्याच दिव्यांची चारशे खोकी दुकानांत जायला तयार होती.

ताईने दार आतून लावलं. पान्ह्याने तो लाल ठिपका फोडला. अकरा वर्षांनी माझी मान वळली, अगदी करकरली. तिने मला वीतभर खाली धरलं, मग हातभर खाली, मग डावीकडे, उजवीकडे. मी जीव तोडून खरं तेच सांगितलं: जवळजवळ शून्य, शून्य, शून्य. "अगं बाई, बाबा खरंच सांगत होते गं," म्हणत तिने ते सगळे आकडे वहीत उतरवले.

आकडेसाहेबांनी वही पाहिली. घाम पुसला. आपलीच पद्धत चुकली हे लिहायचं कसं? मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "मीटर बिघडलंय असं लिही. त्या सबबीवर आत्ताच्या आत्ता खोकी थांबवतो आणि तेवढ्यात दिव्यांना झोत पसरवणाऱ्या काचा बदलून घेतो. नाहीतर वरचे लोक महिनाभर वाद घालतील आणि दिवे गेलेले असतील."

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिने लिहिलं.

खोकी थांबली, काचा बदलल्या आणि मी पेटीत आलो. राग आला का? आला तर! खूप आला. खरं सांगितलं आणि वर खोटारडा ठरलो.

एकदाच झाकण उघडलं. ताई बाबांना घेऊन आली होती. त्यांचं मनगट जरा वाकडंच जुळलं होतं. त्यांनी सुधारलेला दिवा डाव्या हातात धरला आणि उजेड माझ्यावर पाडला. माझा काटा टुणकन उठला.

"अगं, हे तर चालतंय!"

"माहीत आहे, बाबा. तुमचंही तेव्हा ऐकलं नाही, आणि याच्यावरही खोटंच लिहिलं. चिठ्ठी काढली तर विचारतील, दिवे का थांबवले होते म्हणून."

बाबांनी अंगठ्याने माझा डोळा पुसला. मग झाकण लागलं.

मित्रांनो, मोजायला घ्याल तेव्हा आमची मान मोकळी ठेवा, आणि माझ्या आकड्याबरोबर रस्त्यावरच्या माणसालाही विचारा. आणि कधी तळचा खण उघडलात, लाल चिठ्ठी दिसली, तर तिच्यावर जाऊ नका. झाकण जरासं उचला. इतक्या वर्षांच्या अंधारात मी शून्य दाखवतो आहे, आणि तेही अगदी बरोबर आहे.