गाईचा चौथा पाय

"तीन!" ठकी ठणकावून म्हणाली.

आईचं डोकंच फिरलं. कोंबडीचे दोन, शेळीचे चार, सगळं पोरगी धडाधड सांगायची आणि गाईपाशी आलं की घोडं अडायचं.

"अगं, डोळे फुटले का तुझे? नीट बघ की!"

"बघतेय ना. पुढं दोन, मागं एक."

आता तिचं तरी काय चुकलं? गाय महा लाथाळ. धार काढायची म्हणजे मागचे दोन्ही पाय दोरीनं गच्च आवळायचे. ठकी डोळे चोळत गोठ्यात यायची ती नेमकी तेव्हाच, आणि धार झाली की काका गाय घेऊन रानात.

पण हे मास्तरांना कोण सांगणार? काल नाव घालायला नेलं तर त्यांनी सरळ परत पाठवलं होतं. "गाईचे पाय येत नाहीत हिला. पुढच्या वर्षी आणा." पुढच्या वर्षी म्हणे! तोवर पोरीला शेतावरच न्यायचं, आणि तिथल्या विहिरीला कठडा नाही. परवाच काठावरून झग्याला धरून मागं ओढली होती.

"थांब, दाखवतेच तुला," म्हणत तिनं गाठ सोडली. गाईला तेवढंच हवं होतं. लाथ बसली, बादली भिंतीवर आणि दूध शेणात.

"अगं बये, हात मोडले का तुझे?" आतून सासू कडाडली.

ठकीनं टाळ्या पिटल्या. "आई, चार! चार!"

आईला हसावं की रडावं कळेना. पोरीला तशीच काखोटीला मारून तिनं शाळा गाठली.

"हं, सांग," मास्तर म्हणाले, "गाईला पाय किती?"

ठकीनं नीट विचार केला. "बांधलेल्या का सुट्या?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, कशाला घाई करता? पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षीपर्यंत ही जगली तर आणीन!" आई एवढ्यानं ओरडली की पोरं चिडीचूप झाली. तिनं ठकीला त्यांच्यात नेऊन बसवलं. "उठायचं नाही. आणि मास्तर, बाहेर काढायची तर तुम्हीच काढा. मग विहिरीवर राखत बसा तुम्हीच."

मागं न बघता ती निघाली. मास्तर आता हाक मारतील, मारतीलच.

फाटकाशी पोचली तेव्हा मास्तरांचा वैतागलेला आवाज आला, "बरं, शेळीला किती?"

"चार!" सगळ्यांच्या वर ठकीचा आवाज.

आई फाटकाला धरून तिथंच रडली.