भिंतीमागचे काका

शोरूमच्या फाटकातून बाहेर पडून गाडीने पहिलं वळण घेतलं आणि ओट्यावरच्या कपाटाने आ वासला. एक पातेलं, दोन ताटल्या आणि साखरेचा डबा एकामागून एक उड्या मारून खाली आले. बसवाल्याने गाडी कडेला घेतली. उभा जन्म त्याने बस चालवली होती. उभ्या माणसाचा तोल न जाता ब्रेक कसा दाबायचा, हे त्याच्या पायाला झोपेतही ठाऊक होतं. पण पातेल्याला धरायला दांडी नसते, हे त्याला त्या वळणावर पहिल्यांदा कळलं.

बायको शेजारच्या सीटवरून मागे वळून पसरलेली साखर बघत होती. आता ही म्हणणार, वळवा गाडी, असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "जावईबापू दिसतायत. वळण आलं की तोंड उघडल्याशिवाय राहवत नाही त्यांना."

त्यांना जावई नव्हता. जावई यायला मुलगी लागते, तीही नव्हती आणि मुलगाही नव्हता. दोन माणसांचं घर. तो दिवसभर बसवर आणि ती दिवसभर शिवणयंत्रावर, दुसऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे शिवत. सुट्टीच्या दिवशी कुठे जाऊ या म्हटलं, की बसवाला पाय पसरून म्हणायचा, हलवाई कधी स्वतःची मिठाई खातो का? यावर ती काही बोलायची नाही. एकदाच बोलली. "अख्ख्या गावाला पोचवलंत. मला कधी पोचवणार?" ते त्याच्या मनात रुतून बसलं. नोकरी संपली तशी त्याने होतं नव्हतं ते विकलं, भाड्याची खोली सोडली आणि हे चाकांवरचं घर घेतलं. कुठे जायचं, असं विचारलं तर ती म्हणाली, कुठेही. सकाळी पडदा सरकवला की रोज वेगळं अंगण दिसलं पाहिजे, बस्स.

आणि पडदे तिने शिवले होते. निळे, बारीक पांढऱ्या फुलांचे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खिडकीचं माप घेऊन.

घर दिसायला देखणं होतं, यात वाद नाही. भिंती अशा गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडेल. पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. आठवडा उलटायच्या आत एकेक नातेवाईक प्रकट व्हायला लागले. नळ सोडला की आधी खाकरायचा, मग थुंकायचा आणि मग कुठे पाणी द्यायचा. ते झाले आजेसासरे. पलंगाखालची फळी रात्री कूस बदलली की कण्हायची; त्या आत्याबाई. फ्रिज सुरू झाला की छतावरचा दिवा मिचकन डोळा मारायचा. तो धाकटा दीर. "याला आधी कुणीतरी आवरा," असं म्हणत ती पदर सावरायची आणि बसवाला पोट धरून हसायचा.

सगळ्यांत मानाचं स्थान दाराचं. दार म्हणजे थोरल्या वहिनी. चौकट वाकडी बसवलेली, त्यामुळे बाई सदा रुसलेल्या. बाहेरून कडी वर उचलायची, खाली गुडघ्याने हलकेच रेटायचं आणि तोंडाने गोड बोलायचं, "वहिनी, उघडा ना", की मग प्रसन्न व्हायच्या. आतून मात्र कुणाचंच ऐकायच्या नाहीत. बायको आत असली की टकटक करायची आणि तो बाहेरून मनधरणी करून तिची सुटका करायचा. रस्त्यात भेटेल त्याला बसवाला सांगायचा, एकदा पेट्रोलपंपावरचा माणूस नुसतं आत बघू म्हणून चढला आणि वहिनी रुसल्या. आम्ही आपले निघालो. पुढच्या शहरात दार उघडलं तोवर त्याने आमची भांडी घासली होती, दोन वेळा जेवला होता, आणि उतरला तो थेट तिथल्या पंपावर नोकरीलाच लागला. आता म्हणे मॅनेजर आहे. ऐकणारा हसायचा, बायको मान डोलावून साक्ष द्यायची, वर पदरचं घालायची: "पत्र येतं अधूनमधून."

बाजूच्या खिडक्या इतक्या अरुंद की हात बाहेर निघायचा, माणूस नाही. मागची मोठी खिडकी तेवढी बिननावाची राहिली. संकटकाळी उघडा, असं तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं. तिच्या कडांना कारखान्यात कुणीतरी इतका सढळ हाताने गोंद फासला होता की ती खिडकी राहिलीच नव्हती, काचेची भिंत झाली होती. पण उघडायची वेळ आली नाही, म्हणून ते कळलंही नाही आणि नावही पडलं नाही.

अशा या भरल्या घरात उन्हाळा लागल्यावर काका आले.

ड्रायव्हरच्या सीटमागे जी भिंत होती, तिच्या आतून दुपारच्या वेळी एक वास यायचा. पंखा आणि फ्रिज दोन्ही चालू असले की यायचा. पंखा बंद केला की जायचा. काहीतरी करपल्यासारखा, पण गोडसर. बसवाल्याने भिंतीला नाक लावलं, हात लावला. भिंत कोमट होती. उन्हाने असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. बायकोने दोनदा हुंगलं आणि तिचा चेहरा उजळला. तिच्या लहानपणी तिचे एक काका होते, साऱ्या घराचा डोळा चुकवून कोठीच्या खोलीत सिगरेट ओढायचे आणि वर वेलदोडा चघळायचे. अगदी तोच वास, ती म्हणाली. काका आलेत. आपल्याकडे राहायला आलेत.

तेव्हापासून दुपारी वास आला की ती भिंतीवर बोटाने टिचकी मारायची. "काका, पुरे आता." आणि गंमत अशी की पंखा बंद केला की काका ऐकायचे.

तरी बसवाल्याला ते पुरतं पटलं नव्हतं, हे खरं. बसचं इंजिन असं वासाने बोललं असतं, तर त्याने प्रवासी उतरवून गाडी जागच्या जागी उभी केली असती. त्याने वाट वाकडी करून कंपनीचं वर्कशॉप गाठलं. तिथल्या साहेबाने आत डोकावून पाहिलं, भिंतीवर दोन थापा मारल्या, घोड्याच्या पाठीवर मारतात तशा, आणि म्हणाला, नवी गाडी आहे, प्लायवुडला वास येतो, आणि हलणारं घर म्हटलं की थोडं कुरकुरणारच. फारच शंका असेल तर ठेवून जा. पण आधीच्याच बऱ्याच गाड्या उभ्या आहेत, भिंत उघडायची तर तुमचा नंबर पावसाळ्यानंतर.

बसवाल्याने मागे पाहिलं. अंगणात खरंच गाड्यांची रांग होती, सगळ्या तशाच गुळगुळीत, तशाच देखण्या. त्याच्या अनुभवात नव्या गाड्या इतक्या संख्येने आजारी पडत नसत. ते त्याला दिसलं. दिसलं, आणि तेवढ्यात बायको खिडकीशी उभी राहून म्हणाली, "मग पडदे काढून ठेवू का?"

तिने रडून विचारलं असतं, तर त्याने समजूत घातली असती. भांडून विचारलं असतं, तर त्याने आवाज चढवला असता. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, सुट्टी रद्द झाली म्हणून सांगायला तो घरी यायचा तेव्हा ती ज्या आवाजात 'बरं' म्हणायची, त्याच आवाजात. एक हात पडद्याच्या दांडीवर होता.

"राहू दे," तो म्हणाला. "काकांना कुठे सोडून जायचं?"

ती अशी हसली, की सगळा उन्हाळा त्याला त्या हसण्यावर काढता आला असता. त्यांनी गाडी बाहेर काढली, वळणावर जावईबापूंनी तोंड उघडलं आणि दोघं पुन्हा हसली.

त्यानंतर किती अंगणं झाली, कुणी मोजलं नाही. एकदा सकाळी पडदा सरकवला तर बाहेर गाढव उभं होतं आणि ते बायकोकडे बघून इतक्या आदराने कान हलवत होतं, की बसवाल्याने त्याला चुलतसासरे म्हणून घोषित करून टाकलं. तिने त्याला चपाती दिली. त्या दिवसांत ती खूप बोलायची. पूर्वी शिवणयंत्राच्या आवाजात तिचं बोलणं कधी ऐकू आलंच नव्हतं, असं त्याला वाटायचं.

तळ्याकाठी थांबले तो दिवस भयंकर तापला होता. झाडाच्या सावलीत गाडी उभी केली. धुळीचे लोट येत होते म्हणून दार-खिडक्या लावून घेतल्या, पंखा आणि फ्रिज चालू. ती पलंगावर बसून एका पडद्याची उसवलेली टीप घालत होती. पाणी संपत आलं होतं, म्हणून तो कॅन घेऊन उतरला, पाठीमागे दार ओढून घेतलं. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला नळ होता.

चार पावलं गेला असेल, तेवढ्यात खिडकीच्या फटीतून तिचा आवाज आला. "अहो, काका आज जास्तच ओढतायत हं."

"ओढू दे," तो मागे न बघता म्हणाला. "सुट्टीवर आलेत."

ती हसली. ते त्याला ऐकू आलं.

नळावर एक ट्रकवाला हातपाय धूत होता. बसवाल्याने त्याला पेट्रोलपंपाच्या मॅनेजरची गोष्ट सांगायला घेतली. कॅन भरून वाहू लागला तरी गोष्ट संपली नव्हती; ट्रकवाला हसत होता आणि हसता हसता बसवाल्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत त्याचं हसणं थांबलं.

सीटमागच्या भिंतीने पेट घेतला होता. आतून ड्रायव्हरच्या सीटकडे यायची वाट तिथूनच होती, तीच बंद झाली होती. बसवाला इतका धावला की तितका जन्मात धावला नव्हता. दाराची कडी वर उचलली, गुडघा लावला. आतून टकटक होत होती. नेहमीसारखीच, घाई नसल्यासारखी, मग घाईची. त्याने पुन्हा उचललं, पुन्हा रेटलं. गोड बोलल्याशिवाय उघडत नाही हे शरीराला ठाऊक होतं, म्हणून तोंड आपोआप बोलत होतं. "वहिनी, उघडा. वहिनी, पाया पडतो, उघडा."

ट्रकवाला मागच्या खिडकीकडे धावला, लाल अक्षरं वाचली, ओढून पाहिली, आणि मग पहार आणायला ट्रककडे पळाला. पहारीने शेवटी दारच फोडलं. ती दाराला टेकूनच बसली होती. एक हात आतल्या कडीवर, दुसऱ्या हाताने निळा पडदा तोंडाशी धरलेला. आग तिच्यापर्यंत पोचली नव्हती. धूर पोचला होता.

पुढे सरकारी तपासनीस आला. सभ्य माणूस होता, हळू बोलायचा. जळालेल्या गाडीत फारसं काही कळण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून त्याने वर्कशॉपातली त्याच खेपेची दुसरी गाडी उघडायला लावली. बसवाला म्हणाला, मलाही बघायचंय. तपासनिसाने नको म्हणून पाहिलं, मग येऊ दिलं.

भिंत काढली. आत तारांचा गुंता, जसा हाताला येईल तसा कोंबलेला. पत्र्याला भोक पाडून त्यातून तारा नेल्या होत्या. भोकाची कड पात्यासारखी धारदार तशीच सोडलेली, वर रबराची कडी नाही, काही नाही. गाडी हलली की तार कडेवर घासायची. एका तारेचं आवरण सोलून आतलं तांबं चमकत होतं आणि त्याच्यासमोर प्लायवुडवर तपकिरी डाग पडला होता, उलथन्याने चटका बसावा तसा. तपासनीस सांगत होता की तारा ओढणारी टोळी वेगळी, भिंती ठोकणारी टोळी वेगळी, आणि मागच्या गाड्या खोळंबल्या की कुणी कुणासाठी थांबत नाही. वर फ्यूज इतका दणकट घातलेला, की घर जळालं तरी त्याला जाग आली नसती.

बसवाल्याने त्या डागावर बोट टेकवलं. असे दिसायचे तर काका.

तपासनिसाने मग विचारायचं ते विचारलं. आधी काही जाणवलं नव्हतं का? धूर, वास?

"यायचा ना वास," बसवाला म्हणाला. "रोज यायचा."

"मग तुम्ही घाबरला नाहीत?"

बसवाल्याने डागावरचं बोट काढलं. तो म्हणाला, "आमच्या ओळखीचा होता." तपासनिसाने मान हलवली. त्याला काही कळलं नाही, आणि त्याने पुन्हा विचारलंही नाही.

आता तो मेहुणीकडे राहतो. बायकोची धाकटी बहीण. एकटीच असते, आग्रहाने घेऊन गेली. तो आता गोष्टी सांगत नाही. कुणी गाडीचं विचारलं तर म्हणतो, सगळी कारखान्यातच कच्ची होती, पहिल्या वळणावर परत न्यायला हवी होती. एवढंच.

परवा दुपारी मेहुणी स्वयंपाकघरात मिक्सर लावत होती. मिक्सर सुरू झाला की वरचा दिवा मिचकायचा. ती हसली. हसणं अगदी बहिणीचं. "भाऊजी, बघितलंत का याला? हा म्हणजे अगदी आमचा—"

"नको," तो म्हणाला.

तिने मिक्सर बंद केला.

"नाव नको ठेवू त्याला." त्याने जाऊन मेन स्विच खाली ओढला, स्टूल घेतलं आणि वर चढला. मेहुणीने स्टूल धरलं. त्याने होल्डर उघडला. आत एक तार स्क्रूखाली सैल होती, तेवढंच. त्याने ती नीट बसवली, स्क्रू आवळला, ओढून पाहिली, पुन्हा आवळला. मग मेहुणीला स्विच वर करायला आणि मिक्सर लावायला सांगितलं.

दिवा स्थिर जळत राहिला. मिक्सर घरघरत होता, भांड्यातलं केव्हाच बारीक झालं होतं, तरी मेहुणीने बंद केला नाही. कारण भाऊजी खाली उतरत नव्हते. मान वर करून दिव्याकडे बघत उभे होते, एकदा, फक्त एकदा तरी डोळा मारतो का म्हणून.