चिल्ल्यापिल्ल्यांची वाट

वाट नांगरली ती माझ्याच नवऱ्यानं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं कुणीतरी चवीनं सांगेलच.

आमच्या गल्लीच्या टोकापासून मळेवाल्या आप्पांच्या शेतातून ओढ्याकडे पायवाट जायची. माझं शिवणयंत्र ज्या खिडकीशी आहे, तिथून ती सबंध दिसायची. कापणी उरकली, उन्हाचा चटका गेला, ओढ्याकाठची झाडं पिवळी पडून पानं टाकायला लागली, की गल्लीतली सगळी चिल्लीपिल्ली टोपलीवाल्या काकूंच्या मागं त्या वाटेनं निघायची. काकूंना टोपल्या विणायला ओढ्याकाठच्या लवचीक फांद्या लागायच्या आणि आम्हा बायकांना हातातलं काम होईस्तोवर पोरं कुणीतरी सांभाळायला हवी असायची. दोन्हीकडचं भागायचं.

त्या सकाळी काकू पोरं घेऊन गल्लीच्या टोकाला आल्या आणि थबकल्या. समोर नुसती ढेकळं. मधोमध ट्रॅक्टर उभा आणि त्यावर आमचे हे, मान खाली घालून.

"वाट कुठं गेली?" मुंगीनं विचारलं. मुंगी म्हणजे आमची धाकटी. एका जागी बसत नाही म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव.

"बाबांनी खाल्ली," काकू म्हणाल्या. "काय रे, पोट भरलं का?"

"काकू, आप्पा म्हणाले सबंध नांगर. मी नांगरलं. मी काय करणार?"

"तू काय करणार! तू हुकमाचा ताबेदार."

बांधावरून आप्पा आले. माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. अखंड शेतात ती वाट त्यांच्या डोळ्यांत खुपायची. "काकू, ओढा काही पळून गेलेला नाही. डांबरी रस्त्यानं जा की."

"रस्त्यानं? खाणीचे ट्रक कसे येतात ते बघता ना? गेल्या थंडीत कोपऱ्यावरची शेळी गेली. तिला चार पाय होते तरी पळता आलं नाही. यांना दोनच आहेत, आणि तेही अजून धड चालत नाहीत."

"मग घरी ठेवा. अंगणात खेळतील."

"अंगणात ओढा वाहतो का?"

"शेत माझं आहे, काकू."

"तुमचंच आहे. आम्ही काय उचलून नेतोय? ओढ्याला जातोय फक्त." असं म्हणून काकूंनी चपला काढून टोपलीत टाकल्या, लुगडं वर खोचलं आणि सरळ ढेकळांत उतरल्या. मागून पोरं. पहिल्याच ढेकळाला भोपळ्या पडला. हा कुंभाराचा गोलमटोल पोरगा. तो पडला म्हणून बाकीची हौसेनं पडली. मला खिडकीत हसू आवरेना. आप्पांना मात्र हसू आलं नाही.

आता इथली रीत सांगते. आमच्याकडे वाटेचा कागदबिगद नसतो. वाट नांगरली तरी तिच्यावरून माणसं चालत राहिली, तर ती वाट राहते. पण त्यावर पेरलेलं उगवलं की वाट संपली. पेरलेल्या बियांवर, कोवळ्या पिकावर पाय द्यायचा नाही, हे आमच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं आहे. आपलं असो, वैऱ्याचं असो. म्हणजे नांगरणीपासून पेरणीपर्यंत चालायची काय ती मुदत. आणि काकू सोडल्या तर मोठं कुणी पाऊल टाकायला तयार नव्हतं. आप्पांशी वाकडं कशाला, असं प्रत्येकजण दुसऱ्याला समजावत होता.

रात्रीपर्यंत कशाला थांबू? दुपारी हे जेवायला आले तेव्हाच मी विचारलं, "लाज नाही वाटली?"

"आप्पांनी उद्या दुसरा ट्रॅक्टरवाला बोलावला तर?"

"तर तुम्ही घरी बसा आणि पोरगी सांभाळा. अंगणात ओढा काढून द्या तिला."

ते जेवून कामाला गेले. मी दुसऱ्या दिवशी यंत्रावर कापड झाकलं आणि पोरांबरोबर निघाले.

लोक म्हणतात, सहलीला लांब जावं लागतं. या पोरांबरोबर एकदा चालून बघावं. ओढा माझ्या खिडकीतून दिसतो, पण पोचायला अर्धी सकाळ गेली. एका गोगलगायीसाठी सगळी उकिडवी बसली. ती हलेपर्यंत उठायचं नाही, असं ठरलं, आणि मग रोजच त्या जागी थोडं बसायचं झालं. पुढं एक मोठं ढेकूळ आलं. ते ओलांडायचं नाही, त्याला वळसा घालायचा, कारण त्याखाली उंदराचं घर आहे, असं मुंगीनं जाहीर केलं. त्या दिवसापासून सगळी तिथून वळसा घालून जायला लागली. नाकासमोर चालणं या वयाला ठाऊकच नसतं.

ओढ्याकाठी पानांचा गुडघाभर थर पडला होता. पोरं त्यात घुसली, पुरून घेतलं, डोक्यावर उधळली. सालपटांच्या होड्या सोडल्या. कुणाची बुडाली की तिच्यासाठी रडणं, मग नवी होडी. काकू फांद्या छाटत होत्या आणि मधूनमधून नुसत्या ओरडत होत्या, "पाण्यात गुडघ्याच्या पुढं नाही!" ऊन कोवळं होतं, वारा अंगाला गोड लागत होता. मी कितीतरी वर्षांनी पाण्यात पाय सोडून बसले. यंत्राचं पायडल मारून मारून सुजलेले माझे पाय, त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. तिथं बसल्या बसल्या मी मनाशी ठरवलं, ही वाट मी जाऊ देणार नाही.

परतताना प्रत्येकाच्या हातात पाण्यानं भरलेला डबा. घराच्या दारात लावलेल्या काटक्यांना पाणी घालायचं, म्हणजे त्यांची झाडं होतील, असा कारभार होता. डबे गंजलेले, गळके. घरी पोचेपर्यंत डब्यात घोटभर पाणी उरायचं, बाकीचं वाटेत सांडायचं आणि पोरं त्याचा चिखल करत त्यावरून नाचत यायची. मी काकूंना म्हटलं, "चांगले डबे द्या की त्यांना."

"असू दे गं," काकू म्हणाल्या. "जड होतात."

रोज गेलो. एकदा मी, एकदा नुसत्या काकू, पण पोरं रोज. आप्पा बांधावर उभे राहून बघायचे. पोरांना काय बोलणार? एकदा त्यांनी भोपळ्याला दरडावलं, तर त्यानं हातातलं पिवळं पान त्यांना देऊन टाकलं. आप्पा ते पान घेऊन तसेच उभे राहिले. पण हट्ट काही सुटला नाही. लवकर पेरून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं.

पेरणीच्या दिवशी पोरं उठायच्या आत ट्रॅक्टर शेतात होता. ह्यांनी खाली उतरून टाच आपटून पाहिली. "आप्पा, एकदा कुळवून माती मोकळी करून घेऊ. ही पट्टी पार बसलीय."

"पोरांच्या पायांनी जमीन बसते होय रे? हत्ती आहेत का ते? तू कुळवत बसशील आणि तेवढ्यात ती काकू फौज घेऊन येईल. पेर!"

"पेरणीचा फण आत जाणार नाही, आप्पा."

"पेर म्हटलं ना?"

पेरलं. फौज आली तेव्हा शेत सारखं झालं होतं. काकू बांधाशी थांबल्या. आप्पांना तोंडावर उत्तर देणारी ही बाई, पण तिचाही पाय उचलेना.

"चला ना," मुंगी हात ओढायला लागली.

"नाही बाळा. खाली बी टाकलंय."

"मग?"

"मग नाही जायचं."

रिकामे डबे वाजवत सगळी परत फिरली. मला इतका संताप आला की शिवलेली बाही उलटी लागली. त्यानंतरचे दिवस नकोत. अंगणात भांडणं, चावाचावी. एके दिवशी मुंगी डबा घेऊन एकटीच ओढ्याला निघाली, डांबरी रस्त्यानं. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला तो आवाज मी घरात ऐकला. धावत जाऊन तिला उचलून आणली, तेव्हा डबा तिच्या हातात तसाच घट्ट होता. ह्यांनी पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग उगवलं. सकाळी खिडकी उघडली तर शेतावर हिरवी झाक. मी खिडकी लावून घेणार, तेवढ्यात दिसलं. हिरव्याच्या मधून, आमच्या गल्लीपासून ओढ्यापर्यंत, एक तपकिरी पट्टा. त्यावर एक कोंब नाही. बी आत गेलंच नव्हतं, वर पडलं आणि पाखरांनी टिपून खाल्लं. तुडवून, पाणी सांडून पोरांनी तिथं सारवल्यासारखी जमीन केली होती.

मी चप्पलही न घालता ओरडत गेले, "काकू! ओ काकू!"

गल्ली लोटली. आप्पाही आले. वाकून पट्ट्यात बोट खुपसून पाहिलं, ते आत गेलं नाही. मग ह्यांना म्हणाले, "ट्रॅक्टर काढ. तेवढी पट्टी पुन्हा पेरू."

"कुठून घालू ट्रॅक्टर? दोन्ही बाजूंनी उगवलंय. चाकं कोंबांवर घालू?"

आप्पांनी चाकांकडे पाहिलं, मग कोंबांकडे. ते त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. शेतकरी माणूस. "मग कुदळ घे. हातानं खण."

"माझी पाठ धरलीय, आप्पा," हे म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाची पाठ कधी धरलेली मला आठवत नाही. त्या दिवशी मला तो फार आवडला.

आप्पांनी कुंभाराकडे पाहिलं. कुंभार म्हणाला, मला भट्टी लावायचीय. बाकीच्यांनाही एकदम कामं आठवली, पण जागचं कुणी हललं नाही.

तोवर काकूंनी पोरं गोळा केली होती. "नीट ऐका. हिरवं आहे तिथं पाय पडता कामा नये. पडला तर त्याला उद्यापासून नेणार नाही. चला." आणि काकू पुढं, पोरं एकामागं एक, डबे सावरत निघाली. हात पसरून, जीभ बाहेर काढून, एकेक पाऊल जपून. गोगलगायीच्या जागी पट्टा रुंद झाला होता, तिथं सगळी थोडी बसली. पुढं उंदराच्या घराला वळसा. बांधावरून आम्ही बघत होतो. एक कोंब मोडला नाही.

आप्पा त्या नागमोडी रांगेकडे बघत राहिले. शेवटी न राहवून ओरडले, "अहो काकू, निदान वाट तरी सरळ पाडायची होती! किती जागा खाल्लीत!"

काकू थांबल्या, वळल्या. "सरळच होती, आप्पा," त्या तिथूनच म्हणाल्या. "ती तुम्ही नांगरलीत."