लाल मालोजीची, काळी येसाजीची

उमरठच्या मालोजी आणि येसाजी या सख्ख्या भावांत वाटणी झाली, तेव्हा अंगणातला फणससुद्धा फांद्या मोजून वाटला होता. त्यामुळे शनिवारी दोघांनी मिळून गोठ्यांतल्या दिव्यांसाठी पोलादपूरहून चाळीस मीटर वायर आणली, तेव्हा ती कशी वाटायची हा प्रश्नच नव्हता. आत तारा दोन, भाऊ दोन. लाल थोरल्याला, काळी धाकट्याला. वायर उभी सोलण्यात रविवारची सकाळ गेली, पण अन्याय कुणावर झाला नाही.

दिवा मात्र कुणाचाच लागला नाही.

मालोजीची शेळी आज-उद्या विणार होती, आणि बिबट्याने आठवड्यात वाडीतली दोन करडं उचलली होती. गोठ्यात उजेड असला की तो लांबूनच जातो, असं सगळे सांगत. बिबट्याला कुणी विचारलं नव्हतं. पोलादपूरचं दुकान रविवारी बंद. ऊन कललं तशी मालोजीची बायको ठकूबाई बौद्धवाडीतून आम्रपालीबाईंना घेऊन आली. बाई हायस्कुलात विज्ञान शिकवत.

बाईंनी ओट्यावरची सोलरची बॅटरी पाहिली, आणि तिथून गोठ्यातल्या दिव्यापर्यंत गेलेली एकुलती लाल तार पाहिली.

"काका, दुसरी तार कुठाय?"

"येसाजीकडं. त्याच्या वाट्याची हाय ती."

"वीज एका तारेनं जाते, दिव्यातून फिरते आणि दुसरीनं बॅटरीत परत येते. वाट पुरी नसेल तर ती निघतच नाही."

मालोजी गोंधळला. झऱ्याचं पाणी पाइपाने वाडीत येतं. ते परत डोंगर चढताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"परत येते, तर बॅटरी उतरते कशी?"

"वीज तेवढीच येते. ताकद दिव्यात खर्च होते."

"म्हंजे मुंबईला गेलेल्या माणसासारखी," ठकूबाई म्हणाली. "माणूस तेवढाच परत येतो."

येसाजी मघापासून कुडापलीकडून ऐकतच होता. "तार देतो," तो म्हणाला. "पण माझ्या शेळ्याबी तुझ्या गोठ्यात."

"तुझा बोकड ढुशा देतो."

"मग ऱ्हा काळोखात."

बोकडासकट ठरलं. मालोजी लाल तार जोडत असताना येसाजीने विचारलं, "बाई, पण निघते कुठल्या तारेतनं?"

"लालमधून. प्लसकडून मायनसकडे."

मालोजीची मान ताठ झाली. बाईंना मात्र अर्धवट सांगून राहवेना. "असं मानतात. विजेचे खरे कण काळीतून येतात नि लालमधून परत जातात."

"मग तसंच का मानत नाय?"

"आधी मानलं, मग कळलं. तोवर पुस्तकांत बाण काढून झाले होते."

"म्हंजे येते माझ्यातनं," येसाजी शांतपणे म्हणाला. "दादाकडं नुस्ती परतीची वाट."

मालोजीचा हात तारेवरच थांबला. थोरला तो, त्याच्या गोठ्यात धाकट्याची वीज यायची, आणि पुस्तक त्याच्या बाजूने असून काही उपयोग नाही. आत शेळी कण्हली.

"भांडा सकाळी," ठकूबाई म्हणाली. "तिला कळा लागल्यात."

मालोजीने दोन्ही तारा जोडल्या. दिवा लागला. उजेड कुठल्या बाजूने आधी येतो ते पाहायला तो अगदी जवळ गेला, पण डोळे दिपले. शेवटी दाराची कडी धरून तो बाजूला उभा राहिला, आणि येसाजीच्या चार शेळ्या नि तो बोकड त्याच्यासमोरून आत गेले.