हातानं भरलेलं काडतूस परवडतं का?

या, जवळ या, घाबरू नका. मी बोलतोय, काडतुसं भरायचं हातयंत्र. लाल रंगाचं, बिडाचं, लांब दांड्याचं. लांबून बघाल तर चकलीच्या सोऱ्याचा थोरला भाऊ वाटेन.

माझं काम साधं. गोळी झाडल्यावर उरलेली पितळी पुंगळी फेकायची नाही. ती माझ्यात घालून मापात आणायची, तळाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर शिसं. दांडा खाली, दांडा वर.

जन्म अमेरिकेतला, पण अक्कल आली ती आयर्लंडात. माझा पहिला मालक फिन्टन, स्लायगोजवळचा गुरांचा डॉक्टर. घरच्या टेबलावर हा उद्योग तिथल्या कायद्याला चालत नाही, म्हणून मी नेमबाजीच्या क्लबातल्या परवाना असलेल्या खोलीत राहायचो. काम चालू असताना कुणी दारातून नुसतं "पाऊस थांबला का?" विचारलं, तरी फिन्टन समोरच्या सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून भरायचा. "दारू घातली की नाही, हे पिस्तुलाला विचारायचं नसतं," म्हणायचा. लोक वैतागायचे. पण असा माणूस म्हातारा होतो तेव्हा त्याची बोटं शाबूत असतात.

बोटं राहिली, खांदा गेला. दांडा ओढवेना, तेव्हा त्यानं मला डेक्लनच्या दुकानात विकायला ठेवलं. तिथे काउंटरवर बसून मी धंदा शिकलो. कुणी शिकवला नाही, कान उघडे ठेवले. एक सांगतो, बचत करायला निघालेल्या माणसाइतकं गोड गिऱ्हाईक नाही. एकानं मासे विकत घ्यायला नकोत म्हणून गळ नेला, मग बूट नेले, मग होडी. मासा अजून विकतचाच खातो.

केदार असाच आला. कासलबारच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, मूळचा पुण्याचा, खिशात पिस्तुलाचा नवाकोरा परवाना. त्यानं मनसोक्त घासाघीस केली. डेक्लन आधी नाही म्हणाला, मग चहा पाजला, मग मला गाडीत घालून दिलं. पिस्तूल कुठलं, हे त्या आनंदात केदारनं सांगितलं नाही, डेक्लननं विचारलं नाही.

घरी पूर्णिमानं, त्याच्या बायकोनं, कमरेवर हात ठेवले.

"हे आणि काय?"

"अगं, यानं काडतूस निम्म्यात पडतं."

"चकली डब्लिनहून मागवणारा माणूस तू! काडतुसं हातानं करणार?"

"क्लबात गं, घरी नाही."

"आणि वाचतील त्या पैशांचं काय करणार?"

"जास्त प्रॅक्टिस!"

"म्हणजे खर्च तेवढाच."

मी मनातल्या मनात टाळी दिली. माझ्या धंद्याचं मर्म बाईनं उभ्याउभ्या सांगून टाकलं होतं.

रविवारी केदारनं मला क्लबात नेलं. कोपऱ्यात फिन्टन बसला होता, मांडीवर पिस्तुलाची पेटी. त्याचं पिस्तूल जुनं, बत्तीस बोराचं. त्याची काडतुसं आता दुकानात येत नाहीत, आणि भरायला खांदा नाही. न झाडलेल्या पिस्तुलाचा परवाना पोलीस कशाला पुढे चालू ठेवतील? असल्या पिस्तुलाचा एकदा सुटला की नवा मिळतही नाही. त्या दिवशी तो पिस्तूल सोडायचं ठरवूनच आला होता.

केदारनं पिशवी टेबलावर ओतली. "माझ्या पुंगळ्या. धुऊन पुसून आणल्यात."

फिन्टननं एक उचलली. "डॉक, या बावीस बोराच्या ना?"

"हो."

"अरे, बावीसच्या पुंगळीच्या काठातच ठिणगीचा मसाला असतो. एकदा पिन आपटली की काठ चेपला, खेळ संपला. या पुन्हा भरता येत नाहीत."

खोलीभर हशा. "स्वतःलाच भूल दिलीस की काय?" मागून कुणीतरी ओरडलं. केदारचे कान माझ्या रंगाचे झाले.

"घासाघीस तरी केलीस ना?" फिन्टननं विचारलं.

"भरपूर."

"मग ग्रँड! मजा तरी वसूल."

केदारची नजर त्या पेटीवर गेली. "तुम्ही तुमची काडतुसं कधी भरणार?"

"आता नाही. खांदा कुठाय?"

"खांदा माझ्याकडे आहे."

"आणि डोकं?"

"ते तुम्ही आणा. माझं आज सगळ्यांनी पाहिलंच."

क्लबानं रीतसर मान्यता दिली. मोजायचं, भरायचं, तपासायचं फिन्टननं. केदारनं फक्त दांडा ओढायचा. पहिल्याच दिवशी मध्येच फोन वाजला. "अगं, कामात आहे," एवढंच केदार बोलला. फिन्टननं सगळं रिकामं केलं.

"अहो, पण दारू घातलेली मला आठवतेय!"

"पेशंटला भूल देताना पण असंच म्हणतोस?"

केदारनं मुकाट्यानं फोन बंद केला.

फिन्टनच्या परवान्याची मुदत वाढली. फिन्टन स्पर्धेत शेवटून दुसरा आला आणि जिंकल्यासारखा हसला. केदार आपली काडतुसं डेक्लनकडून विकत घेतो, पूर्ण भावानं. आता मला कुणी विचारलं, परवडतं का, तर मी म्हणतो, पैसे वाचवायचे असतील तर दुसरं दुकान बघा. जी वस्तू दुकानात मिळतच नाही तिच्यासाठी या, आणि येताना सोबत कुणालातरी आणा.

सध्या माझं बरं चाललंय. रोज तेल मिळतं असं नाही, पण रविवार चुकत नाही. फक्त हॉस्पिटलवाल्यांना हात जोडून एक विनंती आहे. इथल्या डॉक्टरांच्या बदल्या तुम्ही पत्त्यांसारख्या पिसता, ठाऊक आहे मला. पण केदारला वॉटरफोर्डला धाडू नका हो. देशाच्या त्या टोकाहून तो दर रविवारी कसा येणार? आणि फिन्टनला दुसरा खांदा मी कुठल्या दुकानातून आणू?