अळूवरचा करपा

सोनल ज्या लॅबमध्ये काम करायची ती पावणे गावातल्या एका भाड्याच्या गाळ्यात होती; तिथे परदेशी जाणारे मसाले तपासत. मागे गाळ्याच्या मालकीण यशोदाबाईंचा अळू होता. ऐन श्रावणात, वडीच्या पानांना मागणी असताना, पानांवर तपकिरी डाग पडले आणि बघता बघता ती सडून लोंबू लागली.

“तुमचा पानी माज्या अलवात येतो,” यशोदाबाई दारात येऊन म्हणाल्या. “आत काय काय कालवता, देव जाने.”

“मावशी, आमचं पाणी तिकडे येतच नाही. पावसाळ्यात अळूवर रोग पडतो.”

“मना शिकवतेस?”

संध्याकाळी लॅबचा नळ कोरडा. यशोदाबाईंच्या मुलाने, हरेशने, वॉल्व्ह बंद केला होता. विचारलं तर म्हणाला, “लाइनला काम हाय.”

सोनलही इरेला पेटली. तिने एक रोगट पान आणलं, डागाच्या कडेचे बारीक तुकडे कापले, निर्जंतुक करून प्लेटांमधल्या ओट्सच्या अगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, ठेवले. पहिल्या प्लेटा बॅक्टेरियाने खाल्ल्या. मग अँटिबायोटिक घालून तिने नव्या ओतल्या. या वेळी तुकड्याभोवती पांढरी, कापसासारखी बुरशी पसरली. मायक्रोस्कोपखाली लिंबाच्या आकाराच्या बीजपिशव्या दिसल्या. अळूचा करपाच. आता यांची तोंडं बंद होतील, असं मनाशी म्हणत ती सीलबंद प्लेट घेऊन यशोदाबाईंच्या ओटीवर गेली.

“हे तुमच्या पानातून निघालं. केमिकल नाही, रोग आहे.”

हरेशने प्लेट उजेडात धरली, मग मोबाइल काढून शूट करू लागला. “म्हंजे रोग तुमच्याकडं हाय. तुमी पालता.”

“अहो, तुमच्याच पानातून काढलाय.”

“ते तुमी बोलता.”

व्हिडिओ गावभर फिरला. सकाळी गेटवर माणसं जमली. लॅबचे मालक नंदकिशोर यांनी हातापाया पडून त्यांना घालवलं आणि ते सोनलकडे वळले.

“मसाल्याच्या लॅबमध्ये हे वाढवायला कोणी सांगितलं होतं तुला?”

“सर, त्यांना पटावं म्हणून.”

“पटलं?”

तिने सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत घालून त्यांतली बुरशी मारली. ते कळल्यावर हरेश म्हणाला, पुरावा जालला. आणि त्याने गाळा खाली करायला सांगितलं.

टेम्पो भरत असताना यशोदाबाई एकट्याच आल्या. आवाज उतरलेला.

“कोपऱ्यातली पानं अजून चांगली हायेत गं. ती वाचवाला काय करू?”

सोनलला ठाऊक होतं. डागाळलेली पानं कापून जाळायची, साचलेलं पाणी काढून द्यायचं, उरलेल्यांवर फवारा मारायचा. तिने खोक्यावर टेप ओढली, दाताने तोडली.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

पुढे लॅबच्या द्रोणागिरीतल्या नव्या जागेत कोणीतरी सांगितलं, तो अळू मुळासकट गेला. ऐकून तिला बरं वाटलं. त्या दिवशी मात्र ती कोणाशीच धड बोलली नाही.