आठवर लावलेली लेन्स

लग्नाच्या फोटोवाल्याला एकच सवय, लेन्स आठवर. मागच्या रांगेतली रुसलेली मावशीसुद्धा स्पष्ट आली पायजे, न्हाईतर जलमभर ऐकून घ्या. आठ म्हंजे स्पष्ट, एवढंच शिकलो. का, ते म्या कधी इचारलं न्हाई.

परवा गुंजवण्याला ताईकडं गेलो, राजगडावरची आकाशगंगा टिपायला. घरामागच्या टेकाडावर कॅमेरा लावला, वीस-वीस सेकंदांचे फोटो आपोआप निघतील असा. पहिलाच फोटो काळा ठिक्कर! कॅमेऱ्याला शिव्या हासडल्या, तसाच चालू सोडला अन् माझ्या टेम्पोत जाऊन झोपलो.

त्याच रात्री अमृतदाजी ताईशी भांडून, बॅटरी घेऊन भाईर पडले. आज तिसरा दिस. मोबाईल बंद.

"पुण्याला गेलं असतील कामाला," ताई सारखी म्हणतीया.

फोटो काळा का आला, ते इचारायला सकाळी भोरच्या सोमनाथला फोन केला. तो पण फोटोवालाच. "अरं येड्या धम्मदीप," तो वरडला, "लेन्सच्या लांबीला भोकाच्या रुंदीनं भागलं की तो आकडा येतो. आकडा जेवढा मोठा, तेवढं भोक बारीक. दोनवर लावली असतीस तर सोळापट उजेड आला असता. आता ते फोटो पुसू नको, कॉम्प्युटरवर उजळ."

उजळले. ताई शेजारी बसली. फोटोत डावीकडं पुण्याचा रस्ता, उजवीकडं धरणाचं पाणी.

एक बारीक ठिपका निघाला. दाजींची बॅटरी. फोटोमागं फोटो, डावीकडं सरकत गेला.

"बघ! म्या म्हटलं न्हवतं?" ताई हसली. तीन दिसांत पहिल्यांदा.

मग ठिपका थांबला. वळला. उजवीकडं चालला.

पुढं ठिपके दोन झाले, एक वर, एक खाली.

"दुसरं कोण हाय रं त्यांच्यासंगं?"

दुसरं कुणी न्हवतं. खालचा ठिपका पाण्यात पडलेला बॅटरीचाच उजेड हुता.

तिथनं पुढं तीनशे फोटो. ठिपके जागचे हलले न्हाईत. माणसाचा हात इतका वेळ थिर ऱ्हात न्हाई, हे मला कळत हुतं. दोनवर लावली असती तर म्या जागाच असतो, कॅमेऱ्यापाशी. हाक मारली असती.

"बसलं असतील बिडी वढत," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला हुता.

उजेड पिवळा पडत गेला. विझला. बॅटरी उचलायला कुणी आलं न्हाई.

"पुढचा लाव," ताई म्हणाली.

पुढचा फोटो न्हवता.